शनिवारचं न्हाण

शनिवार उजाडला की हेमप्रभा बाइदेउच्या पोटात गोळा यायचा, आणि हरकांतची होडी संध्याकाळी घाटाला लागेपर्यंत तो तसाच राहायचा. हरकांत तिचा नवरा. बेकी नदीवर भुटभुटी चालवायचा. इंजिनाची होडी, दिवसभर या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, बकऱ्या आणि भाजीची पोती. शनिवारी ती सकाळपासून त्याच्या मागे लागायची. आज अंग दुखतंय म्हणा, आज इंजिन उघडून बसा, कुंपण कधीचं मोडलंय ते आज दुरुस्त करा.

“शनिवारी बेकीला पाणी नसतं का ग?” तो म्हणायचा. “पलीकडच्या लोकांनी काय उड्या मारून यायचं?” आणि गामोसा, म्हणजे पंचा, खांद्यावर टाकून निघून जायचा.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तो रोज धडधाकट परत येत होता. पण भीतीला असला पुरावा चालत नाही. उलट जितके शनिवार सुखरूप जात, तितका पुढचा शनिवार हेमप्रभाला जास्त संशयाचा वाटायचा. शाळेत मुलं तिला बाइदेउ म्हणत, म्हणजे मोठी ताई. बेकीकाठी बाईंना तसंच म्हणतात. मुलांना ती विज्ञान शिकवायची, ग्रहणात जेवलं तर काही होत नाही असं ठणकावून सांगायची, आणि घरी येऊन नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. या दोन बायका एकाच अंगात कशा राहत होत्या ते तिचं तिलाच ठाऊक.

अशा बाईच्या गळ्यात नेमका शनिवारचा तास यावा, याला काय म्हणायचं. हेडमास्तर कलितांनी तिला बोलावलं आणि टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत सांगितलं, “बाइदेउ, वरून आलंय. सातवीच्या मुलींना ते आपलं, वाढत्या वयाचं, जे काय असतं ते शिकवायचंय. शनिवारी शाळा लवकर सुटते, मुलगे गेले की घ्या. मला मात्र काही विचारू नका.” तक्ता त्यांनी वर्तमानपत्रात असा गुंडाळून दिला होता की बाजारातून कोणी मासळी आणलीय असं वाटावं.

पहिल्या शनिवारी तिनं तक्ता भिंतीला टांगला आणि त्याच्याकडे पाठ करून बोलायला लागली. मुली आधी बाकाखाली तोंड घालून हसल्या. मग हसू थांबलं आणि प्रश्न सुरू झाले.

“बाइदेउ, त्या दिवसांत पानवेलीला हात लावला की वेल मरते ना?” रुणजुननं विचारलं. “आमची मेली.”

“तुमची वेल पाण्यावाचून मेली. तुझी आईच परवा तुला शिव्या घालत होती.”

“आणि मागावर बसलं तर सूत तुटतं?”

“माझं सूत महिनाभर तुटतं ग.”

आपल्याला हे जमतंय हे बघून हेमप्रभा चकित झाली. छाती का दुखते, एक बाजू आधी का वाढते, काखेत केस का येतात, कारण नसताना रडू का फुटतं, सगळं तिनं सांगितलं. रक्त कुठून येतं ते तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं. फडकं कोंदट कोपऱ्यात नाही, उन्हात वाळवायचं. घाबरायचं नाही. हे आपल्याला त्या वयात कोणी सांगितलं असतं तर, असं मधेच मनात यायचं, आणि मग ती वाक्य अर्धं सोडून फळा पुसायला लागायची.

एका शनिवारी तोराली उभी राहिली. बारीक अंगाची, प्रश्न आधी पाठ करून मग विचारणारी मुलगी.

“बाइदेउ, सगळं कळलं. पण वेळ वाईट असली तर?”

हेमप्रभाच्या हातातला खडू ओला झाला.

“वेळेला काही अर्थ नसतो,” ती म्हणाली. “रक्ताला वार कळत नाही.”

वाक्य बरोबर होतं. आवाज मात्र दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

तिच्या गावात मुलगी शहाणी झाली की गणकाला बोलावतात. वार, तिथी, वेळ, अंगावरच्या कपड्याचा रंग विचारून तो बोटांच्या पेरांवर मोजतो आणि सांगतो, वेळ चांगली की दोषाची, आणि दोष असला तर कोणावर. तोवर पोरगी पडद्याआड, पेंढ्याच्या अंथरुणावर. सूर्य बघायचा नाही, पुरुषाचं तोंड बघायचं नाही. शेवटी तिला नवरीसारखी नटवून केळीशी लग्न लावतात, बायका एकमेकींची टर उडवणारी गाणी म्हणतात, गाव जेवतं. हेमप्रभाचं हे लग्न लागलं तेव्हा तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात देउता, म्हणजे वडील, ती आणि धाकटा धनजित. देउतांनीच सायकल काढली आणि गणकाकडे जाऊन सांगितलं: शनिवार, अमावास्या, ऐन दुपार. गणकानं पेरं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला. दोष घरातल्या पुरुषावर, तो म्हणाला. शांत केली, कोंबडं सोडलं, दान दिलं. त्याच पावसाळ्यात बेकी चढली आणि धनजित वाहून गेला.

तोंड उघडलं ते पेहीनं, देउतांच्या बहिणीनं. भरल्या अंगणात म्हणाली, “शनिवारी शहाणी झाली, भावाला खाल्लं.”

ते वाक्य मग हेमप्रभाच्या आधी सगळीकडे पोचायचं. लांबून आलेली स्थळं चहा पिऊन परत जायची. शेवटी घाटावरचा हरकांत म्हणाला, मला चालेल, मी नदीवरच असतो, माझं व्हायचं ते तसंही होईलच. त्याला वाटलं आपण विनोद केला. हेमप्रभाला त्या दिवसापासून आजवर त्या विनोदाचं हसू आलेलं नाही.

चैत महिना होता. बिहूचा सण तोंडावर आला होता, दुपारी हवा कोंडलेली. शनिवारचा तास संपला, मुली गेल्या. तोराली बाकावरच बसून राहिली.

“ऊठ ग, मला कुलूप लावायचंय.”

“उठत नाही बाइदेउ. आलंय.”

हेमप्रभानं आधी खिडकीबाहेर बघितलं. ऊन डोक्यावर होतं.

“पोटात दुखतंय?”

“थोडं. त्याची भीती नाही वाटत, ते तुम्ही सांगितलंय.” तोरालीनं दप्तर मांडीवर ओढलं. “आज शनिवार आहे बाइदेउ. अमावास्या पण आहे. आबू आजी सकाळीच म्हणाली, आज केस धुऊ नकोस.”

“बरं मग?”

“माझे देउता रोज सुपारीवर चढतात. पायाला नुसती दोरी असते. काल झालं म्हणून सांगा ना.”

“म्हणजे खोटं सांगू?”

“तुम्हीच म्हणालात ना वेळेला अर्थ नसतो? अर्थच नाही, तर काल काय नि आज काय.”

सातवीतल्या पोरीनं तिला तिच्याच शब्दात पकडलं होतं. आणि पेहीचं आणखी एक वाक्य तिच्या कानात घर करून होतं: दोष लपवला की तो लपवणाऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. खरं सांगितलं तर ही पोर जन्मभर बापाच्या पायातल्या दोरीकडे बघत बसेल. खोटं सांगितलं, तर हरकांत आज नदीवर आहे.

तिनं कपाटातून पॅड काढून दिलं, कसं लावायचं ते पुन्हा सांगितलं. मग साडीसारख्या नेसलेल्या आपल्या चादरीचा पदर पोरीच्या डोक्यावरून ओढला आणि छत्री उघडली. भिंतीवर तक्ता टांगलेला, आणि त्याच्यासमोर आपण पोरीला सूर्य दिसू नये म्हणून छत्री धरतोय. तिला स्वतःची लाज वाटली. पण छत्री काही तिनं मिटली नाही.

सुपारीच्या बागांमधल्या मागच्या वाटेनं दोघी गेल्या. तोरालीची आई मिनती अंगणात भात पसरत होती. छत्री, ओढलेली चादर आणि बरोबर बाइदेउ, एवढं बघून तिला सांगायची गरजच उरली नाही. तिनं पोरीला धरून आत नेलं, पेंढा अंथरला, पडदा ओढला. तोरालीचा बाप गजेन ओट्यावर सुपारी निवडत होता. त्याला कुंपणाबाहेर पिटाळलं, आणि जाता जाता शेजारच्या वाडीतून गणकाला पाठवून दे म्हणून सांगितलं. आजी, जिला सगळे आबू म्हणत, दात नसल्यामुळे छोट्या खलात पानसुपारी कुटत ओसरीवर बसली होती. तिनं कुटणं थांबवलं नाही.

गणक आला, सायकल टेकवली, अंगणात पाटावर बसला. म्हातारा माणूस, स्वभावानं गरीब. हेमप्रभाच्या वेळी याचाच बाप होता.

“पहिल्यांदा कोणाला कळलं?”

“मला,” हेमप्रभा म्हणाली.

“कधी?”

पडद्यामागे ती पोर श्वास धरून बसलीय हे तिला अंगणातूनही कळत होतं.

“काल,” ती म्हणाली. “शुक्रवारी संध्याकाळी, नामघरात दिवा लावतात त्या सुमाराला. पोर घाबरली, घरी बोलली नाही. आज मला सांगितलं.”

ती मिनतीकडे बघायला धजत नव्हती. आईला कळणार नाही होय? सकाळी पोर उठली, जेवली, उड्या मारत शाळेत गेली.

“हो ना,” मिनती एका दमात म्हणाली. “कालपासून तोंड शिवल्यासारखी गप्पच होती. हिरवा फ्रॉक होता बघा अंगात.”

गणकानं पेरं मोजली. “चांगली वेळ आहे,” तो म्हणाला. “बापाचं आयुष्य वाढवणारी पोरगी आहे.”

कुंपणापलीकडून गजेन मोठ्यानं हसला. “मग आता आल्यागेल्याला ताजं तामूल नको का?” असं म्हणून त्यानं दोरी पायात अडकवली आणि बागेतल्या सगळ्यात उंच सुपारीवर सरसर चढायला लागला.

तेवढ्यात वारा सुटला.

बिहूच्या आधी हे वादळ येतंच. त्याला तिथं बरदैसिला म्हणतात. माहेरी निघालेली बाई, आईला भेटायच्या घाईत वाटेतली झाडं मोडत जाते. आभाळ नदीकडून काळं होत आलं. पत्रे वाजायला लागले, भात उडाला, बायका सुपं घेऊन धावल्या. सुपारीची झाडं एकदम एका बाजूला कलली आणि परत आली. गजेन शेंड्याला होता. तो खाली काहीतरी ओरडला, ते वाऱ्यानं नेलं. आणि बागेपलीकडे, जिथं एरवी बेकी दिसायची, तिथं नुसती धूळ दिसत होती.

हेमप्रभाची पाचावर धारण बसली. हे आपण केलं. अजून तोंडातला शब्द वाळला नाही आणि दोष आलासुद्धा. एक झाडावर आहे आणि एक पाण्यावर, आता आधी कोण? ती उठली. गणक ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वाऱ्याकडे पाठ करून बसला होता.

आबूनं तिचं मनगट धरलं. “कुठं?”

“गणकांना सांगते. मी खोटं बोलले आबू. आजचंच आहे, आज दुपारचं. शनिवारचं. सांगते मी, काय ती शांत करू देत, नाहीतर...”

“खाली बस.”

“गजेन वर आहे. आमचे नदीवर आहेत.”

“बस म्हणते ना.” म्हातारीच्या हातात अजून कुटायचं बळ होतं. तिनं तिला ओढून बसवलं आणि कानाशी तोंड आणलं. “मला एक सांग. या गावात शनिवारी कोण शहाणी झालीय?”

“मी.”

“तू सोडून?”

हेमप्रभानं आठवून बघितलं. शेजारच्या, वर्गातल्या, आतेबहिणी. कोणी गुरुवारची, कोणी सोमवारची, शुक्रवारच्या तर कितीतरी.

“अमावास्येला?”

कोणीच नाही.

“म्हणजे शनिवार आला की पोरींची अंगं थांबतात का ग?” आबू म्हणाली. “तू तर शाळेत शिकवतेस. या मिनतीचं मंगळवारी रात्री झालं. तिच्या आईनं गुरुवार सांगितला, तसाच मीही ऐकला आणि सून करून आणली. माझं स्वतःचं ग्रहणात. माझी आई म्हणाली, छे, कालच झालं. आणि हा बसलाय ना पेरं मोजणारा, त्याच्या थोरलीचं अमावास्येचं. त्याच्या बायकोनं त्याच्या तोंडावर सोमवार सांगितला, आणि बाबानं खूश होऊन गाव जेवायला घातलं.”

हेमप्रभाला ऐकू येत होतं, पण आत शिरत नव्हतं.

“मग माझंच तेवढं...”

“तुझ्या घरी बाई नव्हती ग.” आबूचा आवाज खाली आला. “तुझा बाप सरळ माणूस. सायकल काढली आणि जाऊन खरं सांगून आला. पुरुषमाणसाला कुठं माहीत असतं? आम्हाला कळेपर्यंत गणकाचं बोलून झालं होतं. तुझी आई असती तर तुझंही गुरुवारीच झालं असतं.”

वारा तसाच होता. या अंगणातल्या, त्या नामघरातल्या, घाटावरच्या, सगळ्या बायका. तिच्या केळीच्या लग्नात गाणी म्हणणाऱ्या. सगळ्यांना माहीत होतं.

“मला कोणी सांगितलं का नाही?” तिच्या आवाजात संताप होता, इतका की मिनतीनं वळून बघितलं. “मी इतकी वर्षं मरत होते आबू. रोज मरत होते.”

“काय सांगणार? तुला सांगायचं म्हणजे आमच्या सगळ्यांचं उघडं पडायचं. मग उद्या पोरींसाठी खोटं बोलायचीही सोय राहिली नसती.” म्हातारीनं खलातली सुपारी उगाच ढवळली. “चूक झाली. घाबरलो आम्ही.”

“आणि धनजित?”

“पूर होता बये. त्या पुरात आणखी चार घरची पोरं गेली. त्यांच्या घरी त्या वर्षी कोणी शहाणी झाली नव्हती.”

हेमप्रभाला रडू आलं. आई गेली तेव्हा ती लहान होती, नीट रडली नव्हती. भाऊ गेला तेव्हा रडायचा हक्कच राहिला नव्हता, त्याला तिनंच खाल्लं होतं ना. ते सगळं आता एकदम आलं. आबूनं तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं सुपारी कुटत राहिली. गणकानं विचारलं, बाइदेउला काय झालं? मिनती म्हणाली, वादळाला घाबरतात त्या.

गजेन खाली उतरला तो पोटऱ्या खरचटून घेऊन आणि एकही घड न काढता. पावसाचे थेंब आले. हेमप्रभा थांबली नाही, भिजत घाटाकडे निघाली. कळलं म्हणून भीती थोडीच जाते. ती तिच्या पुढं पुढं पळतच होती. घाटावर भुटभुटी दोन दोरांनी बांधलेली दिसली आणि चहाच्या टपरीत हरकांत पाय वर घेऊन बसला होता.

“आभाळ बघितल्यावर कोण होडी सोडतं?” तो म्हणाला. मग तिचे डोळे बघून घाबरला. “काय झालं ग?”

“माझं गुरुवारी झालं असतं,” ती म्हणाली.

“काय गुरुवारी?”

तिनं त्याच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

पुढच्या शनिवारी सकाळी पोटात गोळा आलाच. सवयीचा होता, एकदम कसा जाणार. पण हरकांतला तिनं कुंपण दुरुस्त करायला सांगितलं नाही, आणि तो जरा बावचळूनच घाटावर गेला. तोराली अजून पडद्याआड होती. तिच्या केळीच्या लग्नाचं बोलावणं मुलींच्या घरी पोचलं होतं, त्यामुळे वर्गात कुजबुज चालली होती. हेमप्रभानं तक्ता टांगला आणि या वेळी त्याच्या बाजूला उभी राहिली.

“माझं शनिवारी आलं होतं,” ती म्हणाली. “अमावास्येला, दुपारी.”

हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? पण तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

“आणि तुमचा भाऊ?” रुणजुननं हळूच विचारलं.

“माझा भाऊ पुरात गेला.” त्या वाक्याला मागचंपुढचं काही न जोडता ते बोलायची ही तिची पहिलीच वेळ.

मग शेवटच्या बाकावर हात वर झाला. भनिता. हिनं वर्षभरात एक प्रश्न विचारला नव्हता. घरी बाप आणि ती, दोघंच. आई मागच्या साली गेली. पोर उभी राहिली आणि बाकाच्या कडेकडे बघत म्हणाली, “बाइदेउ, ज्यांच्या घरी आई नसते, त्यांचं गणकाला कोण सांगतं?”

हेमप्रभानं खडू खाली ठेवला.

“मी सांगते,” ती म्हणाली. “देउतांना म्हणावं, सायकल काढू नका. आधी बाइदेउला बोलवा.”